उजनीत आजी-आजोबांसह कनूने मुक्काम करायचा तर तारीख पाण्याकडे बघून ठरवा

तुम्ही लिहिलंय, सत्तरी ओलांडलेले आई-वडील, तुम्ही दोघं, बहीण आणि दोन शाळकरी मुलं असे सगळे मिळून उजनी धरणाच्या फुगवट्यात कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) फिरायचं, दोन रात्री काठावर तंबूत राहायचं, आणि परवानगीसाठी सध्या या कार्यालयातून त्या कार्यालयात हेलपाटे चाललेत. त्यातलं "साहेब फिरतीवर आहेत, सोमवारी या" वाचलं आणि लिहायला बसले. आमचं सगळं याच वाक्यावर अडलं होतं.

लाइफ जॅकेट, पोहणं, मुलांवर लक्ष हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन नाताळच्या सुट्टीत जाणार होतो. पाऊसकाळ चांगला झालेला, धरण भरलेलं. अर्ज वेळेत दिला. त्या कार्यालयाने (नाव लिहीत नाही) तो ठेवून घेतला, पोच दिली नाही. पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. पुन्हा दिला तर "हे आमच्याकडे येत नाही". जिकडे पाठवलं तिकडचे म्हणाले, "आधी त्यांच्याकडून तसं लिहून आणा." कुणी सरळ नाही म्हणालं असतं तर आम्ही दुसरा बेत केला असता. पण हो नाही, नाही नाही, नुसतं झुलवत ठेवायचं. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांना त्या बाकावर अख्खी दुपार बसवून ठेवलं आणि कुणी साधं पाणी विचारलं नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. शेवटी "जावा की, कोण अडवतंय तुम्हाला" असं तोंडी उत्तर मिळालं, तोवर फेब्रुवारी संपत आला होता.

उजनीत डिसेंबरचा काठ आणि फेब्रुवारीअखेरचा काठ एक नसतो, खरं नुकसान तिथे झालं. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पेपरात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, म्हणून "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी आली तरी पाणी भरपूर दिसतं. कालवा, भीमा-सीना बोगदा, शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी आणि सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत सोडलेलं पाणी, या सगळ्याने पातळी उतरत जाते. करमाळ्याच्या बाजूची जमीन बरीचशी सपाट. पातळी थोडी उतरली तरी पाणी काठापासून लांब सरकतं आणि मागे उरतो गाळ.

दिवाळीनंतर जाऊन हेरून ठेवलेली बाभळीखालची जागा आम्हाला कनूतून दिसत होती, पण पाणी आणि बाभूळ यांच्यामध्ये राखाडी पट्टा पसरला होता. वरून वाळलेला, भेगाळलेला, चालता येईल असं वाटणारा. सासरे उतरले. पहिल्याच पावलाला वरची पापडी फुटली आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दिराने काखेत हात घालून ओढलं तेव्हा पाय निघाला, चप्पल आतच राहिली. सासूबाई देवाचं नाव घेत कनूत बसून होत्या, आणि इतका वेळ दंगा करणारी मुलं एकदम गप्प झाली होती. शेवटी एका केळीवाल्या शेतकऱ्याने हाक मारून त्याच्या मोटारीजवळची खडकाळ जागा दाखवली, रात्री राहायला शेडही उघडून दिली. सकाळी परत फिरलो. सासऱ्यांचा गुडघा तेव्हापासून दुखावला तो दुखावलाच, ते पुन्हा पाण्यावर आले नाहीत. जायची सगळ्यात जास्त हौस त्यांना होती.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं तर दिवाळी ते संक्रांत, तेही धरण नीट भरलेल्या वर्षीच. जायच्या आठवड्यात रोजचा साठा पेपरात बघा. आदल्या दोन-तीन दिवसांत एकाने जाऊन उतरायच्या जागी काठी खुपसून बघा. काठी सहज आत गेली तर जागा बदला. रोहित पक्षी बघायचे म्हणून फेब्रुवारी-मार्च धरू नका. पक्षी बघायला भिगवणकडे गाडीने वेगळं जा.

परवानगीचं म्हणाल तर तोंडी काही ऐकून घेऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तेव्हा ते हत्यार काढायचं तर आत्ताच काढा. काठावरच्या ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला माणसांची नावं, तारखा, जागा लेखी कळवा. मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या जागेला काय लागू होतं ते तिथेच विचारा.

रोज मुक्काम हलवायचा तुमचा बेत मला अजिबात पटला नाही. तंबू एकाच जागी ठेवा, सकाळी दोन तास फिरा, ऊन चढायच्या आत परत या. वारं सुटलं की उजनीत लाटा उठतात. 21 मे 2024 ला कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते याच पाण्यात. पाणी लांबून काळपट, खडबडीत दिसायला लागलं की वल्ही काठाकडे.

कनूत ज्येष्ठांना मधे, खाली तळावर बसवा. जाड गादी आणि पाठीला टेकू द्या, आडव्या फळीवर बसवू नका. माणूस जितका खाली तितकी कनू स्थिर. मागे बसणारा सगळ्यात अनुभवी हवा, दिशा त्याच्या हातात असते. जड सामान मधे, तळाला, बांधून. झाकणाचे निळे पिंप उत्तम. सोलापुरी चादरी त्यातच भरा, भिजल्या तर उचलवत नाहीत.

मोटारींच्या केबली फार जपा. पाणी सरकेल तशा शेतकरी मोटारी पुढे नेतात, मग केबली गाळातून, पाण्यातून गेलेल्या असतात. मुलांना तिथे उतरू देऊ नका. मासेमारीची जाळीही वल्ह्यात अडकतात. तरंगणारं थर्माकोल किंवा बाटल्या दिसल्या की लांबून वळा, कुणाच्या पोटावर पाय नको.

उजनीचं पाणी उकळूनही पिऊ नका, पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून इकडेच येतं. माणशी रोज चार लिटर तरी घरचं पाणी न्या. जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. पहिल्या रात्री चूल पेटली नाही तरी कुणी उपाशी राहत नाही.

आणि रात्रीच्या शौचाचा विचार आधी करा. घडीची कमोड खुर्ची, आडोशाला ताडपत्री आणि डोक्याला बांधायची बॅटरी. अडचण नको म्हणून सासूबाई दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, हे मला संध्याकाळी कळलं.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का आणि आईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का ते लिहा. डॉक्टरांना विचारायचं ते विचाराच, पण कनूत चढ-उतार कशी करायची ते त्यावरून सांगता येईल.