टगवर निघालेल्या पोरास

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या बापाचा फोन आला. "पोरगं टगवर, त्या जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, जायचं म्हणतंय, बुडणार तर नाही ना?" खोटं कशाला सांगू? मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-305 बार्ज (टगनं ओढायची बिनइंजिनाची सपाट बोट) बुडाली, वरप्रदा नावाचा टगही गेला. दोन्हींवर आपल्यासारखीच पोटासाठी गेलेली माणसं होती. पण दोन ट्रॉल्या ऊस भरून तुझा बाप रात्रीचा कारखान्याला निघतो, तेव्हा मलाही झोप लागत नाही, हेही त्याला ऐकवलं.

त्या ट्रॉल्यांवरूनच तुला अर्धं काम कळलेलं आहे. उतारावर ब्रेक ट्रॅक्टरला लागतो, ट्रॉल्या मागून रेटत राहतात. बार्जचं तेच. तू इंजिनाचा वेग कमी केलास तरी मागचं धूड येतच राहतं. (अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर तर टोबोट, म्हणजे तिथला टग, ओढतच नाही, 15-15 बार्ज एकत्र बांधून पुढं ढकलते.)

बंदरात मोठ्या जहाजाला धक्क्याला लावताना नजर जहाजावर ठेवू नकोस, दोरावर ठेव. ताण चढला की ओला दोर उसाच्या चरकातून निघाल्यासारखं पाणी सोडतो, मग कण्हायला लागतो. तो आवाज आला की त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. तुटलेला नायलॉनचा दोर उलटा येतो आणि पाय घेऊन जातो. दुसरी भीती याहून वाईट: जहाजानं वेग घेतला आणि दोर टगच्या कुशीवर आला, तर टग काही सेकंदांत आडवा होतो. म्हणून दोर अडकवलेला हूक सोडायची कळ रोज ड्यूटीवर चढताना हातानं चालवून बघ. काल चालली होती, हे उत्तर नव्हे. माझ्या पहिल्या सारंगानं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखानं, मला याच उत्तरासाठी सगळ्यांसमोर झापलं होतं.

वॉकीवर पायलट (मोठ्या जहाजाला बंदरात वाट दाखवणारा) "हाफ", म्हणजे अर्ध्या जोरानं, म्हणाला, तर तोच शब्द परत म्हण आणि मग कर. नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचार. आपल्या पोरांना विचारायची लाज वाटते, इंग्रजी कच्चं म्हणून. अंदाजानं केलेलं काम धक्क्याला पडलेल्या भगदाडात दिसतं, तेव्हा लाज वाटून उपयोग नाही.

आता कागदाचं. मी एका मालकाकडं दोन वर्षं खलाशी होतो. पगार रोख मिळायचा, खुशीत होतो. सारंगाच्या परीक्षेला अर्ज केला तेव्हा कळलं, त्या दोन वर्षांची कुठंच नोंद नाही. दोन वर्षांची पावसाळी रात्रपाळी पाण्यात गेली. पुढं सेकंड क्लास मास्टर, फर्स्ट क्लास मास्टर, प्रत्येक पायरीला बोटीवरचे महिने मोजतात. म्हणून बोट सोडताना आधी सही-शिक्का, मग पिशवी. नोंदीच्या प्रती घरी आईच्या ट्रंकेत ठेव.

एजंट नोकरीसाठी पैसे मागेल. देऊ नकोस. खलाशाकडून नोकरीचे पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. बैलजोडी विकून गेलेले दोघं मला माहीत आहेत, दोघंही गावी परत आले.

पोहणं येतं म्हणतोस. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं मीही घेऊन गेलो होतो. ट्रेनिंगला लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायला लावतात, तिथं सगळं विसरलो. नाक दाबून, खाली न बघता, पाय जुळवून उडी मार.

आणि दारू. बोटीवर नाही, ड्यूटीच्या आदल्या रात्रीही नाही. यावर मी वाद घालणार नाही.

सोबत दोन हात दोर पाठवतोय. दिवाळीला ये, तोवर बोलाइन गाठ (दोराच्या टोकाला न आवळणारा फास) बसवून ठेव. डोळे मिटून बांधायला सांगणार आहे, आणि तेही पाठीमागं हात करून.

तुझा,
माजलगावचा काका