लिंबाच्या वासाची निलगिरी सोलापुरात: झाड नको, झुडूप करा

ताई, जुळे सोलापुरात बाराशे फुटांचा प्लॉट, नर्सरीतून आणलेलं लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं फूटभर रोप, आणि महिनाभरात पिवळी पडलेली कोवळी पानं, असं तुम्ही लिहिलंय. कंपाउंडच्या कडेला लावू का, बोअर आटेल का आणि सर्दीत वाफेला पानं चालतील का, हे तुमचे प्रश्न.

कंपाउंडच्या कडेला अजिबात लावू नका. ही निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडकडची. जमीन मानवली तर पंचवीस-तीस मीटर जाते. पण उंचीपेक्षा मला धास्ती आपल्या काळ्या मातीची वाटते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यात मोठ्या झाडाने पायालगतची ओल ओढून घेतली की माती आणखी बसते आणि भिंतीला तडे जातात. बोअरचं म्हणाल तर एका झाडाने बोअर आटत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली, ती शेतंच्या शेतं निलगिरीखाली गेली होती म्हणून. तरी आपल्यासारख्या कमी पावसाच्या भागात बांधावर ओळीने लावू नये, शेजारची ज्वारी दबते.

मग काय करायचं? ड्रममध्ये लावा आणि छाटून झुडूप ठेवा. तुम्हाला हवाय तो वास, आणि तो पानात असतो. शेंड्यावरची पानं तीस मीटर उंच गेल्यावर त्यांचा तुम्हाला काय उपयोग? रोपाच्या वयातली खरखरीत, लवदार पानं बोटांत चुरगाळली की घमघमतात, आणि छाटणीनंतर पुन्हा तशीच कोवळी फूट येते. तेलासाठी लागवड करणारेही झाडं कापून बुटकीच ठेवतात.

निळा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापून घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा. काळी माती नको. लाल माती, बारीक मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात शेणखत सगळ्यात कमी. मुळांचा गोळा न फोडता रोप लावा. ड्रम दिवसभर ऊन लागेल तिथेच ठेवा, सावलीत हे झाड नुसतं लांबट होतं. मात्र पहिल्या मे महिन्यात ड्रमलाच गोणपाट गुंडाळा, कारण तापलेल्या प्लॅस्टिकने मुळं भाजतात. वर उसाचं पाचट पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. पाचटात वाळवी लागतेय का, यावर लक्ष असू द्या. कोवळ्या निलगिरीची मुळं ती आवडीने खाते.

आता पिवळेपणा. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असेल, तेही शेंड्याकडे, तर रोपाला लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. दुकानदार हिराकस (फेरस सल्फेट) देईल, पण तो अशा मातीत टाकला तर लवकरच निकामी होतो. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह मागा, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्या. शक्य तितकं पावसाचं किंवा एसीचं साठवलेलं पाणी घाला. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र चुकूनही नको. पाणी उडून जातं आणि क्षार सगळा खाली राहतो. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर गोष्ट वेगळी, बहुतेक पाणी जास्त होतंय. बोटभर खोल माती कोरडी लागली की मगच भरपूर पाणी द्या.

खोड अंगठ्याएवढं झालं की दोन-अडीच फुटांवर छाटा, खाली थोडी पानं राहू द्या. फेब्रुवारी बरा, किंवा पाऊस लागल्यावर. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका. पुढे एकदम बोडकं न करता थोड्या थोड्या फांद्या काढत राहा. कापलेली फांदी लावून नवं रोप होईल ही आशा सोडा, हे बियांपासूनच करतात. ड्रममध्ये काही वर्षांनी मुळं दाटली की नवं रोप लावणं सोपं पडतं.

वाफेबद्दल: दवाखान्यातल्या निलगिरीच्या तेलात नाक मोकळं वाटायला लावणारा सिनिओल हा घटक असतो, ते तेल मुख्यतः दुसऱ्या जातींतून काढतात. उटीच्या थंडीत वाढणारी निळसर पानांची निलगिरी त्यातली प्रसिद्ध, ती आपल्या उन्हात टिकायची नाही. तुमच्या रोपात मुख्यतः लिंबासारख्या वासाचा सिट्रोनेलाल हा घटक आहे. वाफेला वास छान येईल, पण नाक मोकळं होईल ही अपेक्षा ठेवू नका. डासांचंही तेच, नुसतं रोप दारात ठेवून डास जात नाहीत. या तेलावर प्रक्रिया करून डास पळवणारं औषध बनवतात, ते वेगळं. आणि बाजारातली तेलाची बाटली घरात असेल तर मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.