स्वर थांबवायचा कुठे? बेस गिटारविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेस गिटारच्या, म्हणजे खालचे स्वर देणाऱ्या जाड तारांच्या गिटारच्या, हौशी वादनावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. शटर खाली आलं की घरी बेस हातात घेते आणि शनिवारी आमच्या भावगीतांच्या ग्रुपबरोबर वाजवते. तेव्हा ही उत्तरं एका हौशी वाजवणारीची आहेत.

ताई, माझं वय ४६, बँकेत नोकरी. बेस शिकायची फार इच्छा आहे. क्लासमध्ये सांगतात, आधी दोन वर्षं साधी गिटार शिका, मग बेसकडे या. खरंच तसं करावं लागतं का? आणि पहिली बेस कोणती घेऊ?
— एक वाचक, कोल्हापूर

थेट बेसच घ्या. गिटारवर पहिलं वर्ष कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) पकडी बसवण्यात जातं, त्या पकडींचा बेसवर फारसा उपयोग नाही. इथे एका वेळी एकच स्वर वाजतो. तो वेळेवर लागला पाहिजे आणि वेळेवर थांबला पाहिजे. त्यातलं दुसरं जास्त कठीण, आणि तेच कोणी शिकवत नाही. साध्या गिटारची बारीक तार लवकर विरत जाते. बेसची जाड तार मात्र बराच वेळ घुमत राहते. ती कुठे बंद करायची हे तुम्हाला ठरवावं लागतं, कारण पुढच्या स्वरात मागचा मिसळला की सगळ्या गाण्याचा चिखल होतो.

म्हणून पहिल्या महिन्यात एवढंच करा. मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. एकच स्वर दोन ठोके वाजू द्या आणि तिसऱ्या ठोक्यावर बरोबर बंद करा. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब काढायचा, म्हणजे तार बोटाखालीच शांत होते. मग दोन ठोके शांतता. आजूबाजूच्या तारा गुणगुणत असतील तर उजव्या हाताचा अंगठा त्यांच्यावर टेकवा. हे स्वच्छ जमलं की दुसरा स्वर घ्या.

वाद्य चार तारांचंच घ्या, पाच तारांचा मोह टाळा. नवी घेत असाल तर यामाहा, आयबनेझ, स्क्वायर यांपैकी जी हातात बरी वाटेल ती घ्या. जुनी घेत असाल तर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजवून बघा, नॉब फिरवताना खरखर येते का ऐका, आणि शेवटच्या फ्रेटकडून डोळा लावून बेसची मान वाकडी झालीय का तपासा. दुकानातून बाहेर पडण्याआधी सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि मान नीट जुळवून घेणं, करून घ्यायला विसरू नका. तारा फार उंच असल्या तर तुमच्या हातात जोर नाही असं तुम्हाला वाटायला लागेल, आणि ते खरं नसेल.

आमच्या गावच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर आहेत. घोडीच्या पृष्ठभागाला तार हलकी घासत राहावी म्हणून ते कानाने ऐकत ऐकत ती कानशीने घासतात. बेसचा सेटअप करणाराही तसाच कानाने काम करतो, फक्त उलट बाजूने. तार कुठेही घासता कामा नये.

मी पाच फुटांपेक्षा थोडी कमी उंच आहे. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत बोटं ताणली की मनगट दुखतं. माझा हातच बेससाठी नाही का?
— एक वाचक, ठाणे

तुमच्या हातात काही दोष नाही. नेहमीच्या बेसच्या तारेची लांबी ३४ इंच असते. त्या लांबीला पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत साधारण १३ सेंटिमीटर अंतर पडतं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच अंतर दहाच्या जरा वर येतं. म्हणून सुरुवात पाचव्या फ्रेटपासून करा. पुस्तकं पहिल्या फ्रेटपासून शिकवतात, पण त्याचा हाताच्या सोयीशी संबंध नाही.

पहिल्या चार फ्रेटवर जायची वेळ येईल तेव्हा चार बोटांना चार फ्रेट वाटून देण्याचा हट्ट सोडा. उभी डबल बेस वाजवणारे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं बोट करंगळीला आधार देतं. असे तीन फ्रेट धरायचे आणि चौथ्यासाठी हात सरकवायचा. हात सरकवणं ही कमीपणाची गोष्ट नाही. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर ठेवा. मनगट शक्य तितकं सरळ ठेवा. पट्टा एवढा वर घ्या की बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर येईल. गुडघ्यापर्यंत लोंबणारी बेस फोटोत छान दिसते, मनगटाला मात्र महागात पडते.

३० इंची शॉर्ट स्केल बेसही मिळते. तिच्यावर तेच चार फ्रेट साडेअकरा सेंटिमीटरच्या आत बसतात. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच जातीची आहे, तेव्हा ती लहान मुलांची बेस आहे असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

एक मात्र दुकानदार म्हणून कळकळीने सांगते. दुखतंय म्हणून मलम आणि गोळी घेऊन पुढे वाजवत राहणारे लोक मी काउंटरवर बघते. दुखलं की त्या दिवशी थांबायचं. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे, रूमवर राहतो. रात्री अँप (अँप्लिफायर) लावता येत नाही म्हणून न जोडताच वाजवतो. मला स्लॅप शिकायचंय, व्हिडिओ बघून करतोय पण नुसता खडखडाट होतो.
— एक विद्यार्थी, पुणे

न जोडता रोज वाजवू नकोस. आवाज ऐकू यावा म्हणून नकळत तू तार जोरात ओढतोस, आणि ती सवय पुढे अँपवर तुझं नुकसान करते. हेडफोन लावायचं छोटं अँप मिळतं, ते घे. मोबाइलच्या स्पीकरवर अवलंबून राहू नकोस. सगळ्यात जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा असतो, तो त्या इवल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. तुला ऐकू येतात ते त्याच्या वरचे उपस्वर.

शेजाऱ्यांचंही समजून घे. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरपेक्षा लांब असते, एका खोलीत मावत नाही. भिंत तिला फारसं अडवत नाही आणि जमिनीतून खालच्या मजल्यावर घुमघुम जाते. दिवसा अँप लावशील तेव्हा ते फरशीवर ठेवू नकोस, जाड फोमवर ठेव. आणि मित्राचं गिटारचं अँप बेससाठी मोठ्या आवाजात वापरू नकोस, स्पीकर फाटेल.

आता स्लॅप. अंगठ्याने तार ठोकायची ही पद्धत अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहमने रुळवली. तरुणपणी तो आईबरोबर वाजवायचा आणि त्यांच्याकडे ड्रमर उरला नव्हता. ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअर या खणखणीत ड्रमच्या जागी बोटाने ओढलेली तार, असं त्याने केलं. म्हणजे स्लॅप मुळात ताल धरायला आला. तू सुरुवात तिथूनच कर. हाताने डेस्कवर ठेका धर, तोच अंगठा आणि बोटाने तारेवर आण, सावकाश. खडखडाट होतो कारण डावा हात बाकीच्या तारा झाकत नाही. ठोका उजव्या हाताचा असतो, पण तो स्वच्छ ऐकू येतो डाव्या हातामुळे.

आणि ऐक. मुंबईची मोहिनी डे कितीही वेगात वाजवू दे, प्रत्येक स्वराचा शेवट नीट ऐकू येतो. ए. आर. रहमानकडे वाजवणाऱ्या कीथ पीटर्सचं गायकाच्या मागे राहणं ऐक. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं बेस वाजवलेल्या चरणजित सिंगचं नावही माहीत असू दे.

आम्ही पाच जण भावगीतं, भक्तिगीतं करतो. तबला, पेटी, कीबोर्ड आहे. मी बेस घेऊन बसलो की तबलजी म्हणतो, डग्गा ऐकू येत नाही. गायिका म्हणते, तुमच्यामुळे सूर हलतो. मी वाजवूच नये का?
— एक वाचक, नाशिक

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण हा प्रश्न माझाही आहे. वाजवा, जरूर वाजवा. पण तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचं म्हणणं खरं आहे.

आधी तबलजीचं घेऊ. बेस आणि डग्गा एकाच खालच्या जागेत राहतात, म्हणून जागा वाटून घ्यावी लागते. केरवा घ्या : धा गे ना ती, न क धी ना. डग्गा पहिल्या दोन मात्रांना बोलतो, ‘गे’वर तो दाबून घसरवला जातो आणि तीच त्याची शोभा असते. तुम्ही समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सा धरून तो चार मात्रा लांबवलात की ती घसीट बुडते. समेला सा वाजवा आणि दुसऱ्या मात्रेच्या आधी थांबवा. पाचव्या मात्रेपासून ‘खाली’च्या भागात डग्गा बंद असतो, तिथे लांब स्वर धरायला तुम्हाला जागा आहे. सातव्या मात्रेच्या ‘धी’ला डग्गा परत येतो, त्याच्या आधी सोडा. तबलजी ठेका बदलेल तशी ही वाटणी बदलेल, म्हणून नजर त्याच्या डाव्या हातावर ठेवून बसा. मी तर आता मुद्दाम डग्ग्याच्या बाजूलाच खुर्ची घेते. अँपवरचा बेसचा नॉबही थोडा खाली आणा. तरी दाटलं तर स्वर वरच्या सप्तकात घ्या : बारीक तारांकडे दोन तारा पुढे आणि दोन फ्रेट वर.

पट्टीची भीती बाळगू नका. बेसवर शेजारच्या कुठल्याही दोन तारांत स्वरांचं अंतर सारखंच, म्हणून एक आकृती बोटात बसली की ती कुठल्याही पट्टीत तशीच चालते. बायका बऱ्याचदा काळी चारमध्ये गातात, तो सा सगळ्यात जाड तारेवर चौथ्या फ्रेटला. पुरुष बरेचदा काळी एकमध्ये, तो सा शेजारच्या तारेवर, चौथ्याच फ्रेटला. गायक बदलला की नुसती तार बदलायची. काळी पाच आणि काळी दोनचं सहाव्या फ्रेटला अगदी असंच आहे. पेटीवाल्याला पट्टी बदलताना जेवढा विचार करावा लागतो तेवढाही आपल्याला लागत नाही.

आता गायिकेचं. बेसची सगळी पुस्तकं सा आणि प वाजवायला शिकवतात आणि तो हात बिनविचार चालू राहतो. भूपातल्या गाण्याला ते शोभतं. पण चाल मालकंसातली असेल तर तिथे पंचम वर्ज्य आहे, मारव्यातही वर्ज्य आहे. गायिका ज्या स्वराला टाळून सगळं चित्र उभं करतेय, तोच तुम्ही खालून मोठ्याने वाजवत असाल तर तिला सूर हललेला वाटणारच. मालकंसात सा आणि मध्यम घ्या. मध्यम पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला मिळतो, शोधावा लागत नाही. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येक गाण्याशेजारी राग किंवा निदान वर्ज्य स्वर लिहून ठेवा. माझ्या वहीत गाण्याच्या ओळीपेक्षा ही नोंद मोठ्या अक्षरात असते.

दुसरं कारण जास्त नाजूक आहे. गायिका गंधारावर थांबलीय आणि कीबोर्डवाल्याच्या कॉर्डमागे जाऊन तुम्ही खाली धैवत धरलात, की तिचा तोच गंधार उदास ऐकू येतो. तिने काहीच बदललेलं नसतं, अर्थ तुम्ही बदललात. कधी कधी कवितेला तेच हवं असतं, आणि तेव्हा त्यासारखा आनंद नाही. पण ते तिच्याशी बोलून ठरवा, एकट्याने नको. तोवर तिच्या ठेहरावाखाली सा ठेवा किंवा काहीच वाजवू नका. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा मी बहुतेक गाण्यांत गप्प बसते आणि पहिल्या अंतऱ्यानंतर परत मुखड्यावर येताना सुरू करते. तबलजीला आणि गायिकेला एकेक संध्याकाळ स्वतंत्रपणे बोलावून तुम्ही दोघंच वाजवा. पाच जणांच्या तालमीत जे महिनोन्महिने कळत नाही, ते तिथे चटकन कळतं.

पावसाळ्यात तारा गंजतात, आवाज मेल्यासारखा होतो. दर दोन महिन्यांनी नव्या तारा परवडत नाहीत. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा वरून आणि खालूनही पुसा, घाम खालच्या बाजूला राहतो. बेस केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. गोल तार गुंडाळलेल्या साध्या तारांऐवजी फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या, तारा घ्या. पहिल्यांदा महाग पडतात, पण वर्षानुवर्षं चालतात आणि आवाज गोल, कमी चकचकीत येतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन याच तारा वापरायचा, तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात, आणि वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने. भावगीतांना तर हा आवाज फारच छान बसतो.

ओलाव्याने मान हलली आणि तारा उंच झाल्या तर ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारा आतला धातूचा दांडा) एका वेळी पाव वळसाच फिरवा, परत सुरात लावा आणि एक दिवस थांबून मग बघा. हाताला घट्ट लागला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या.