डबीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय, गाडीखाली मात्र थेंब नाही

प्रश्न : मेस्त्री, माझी पिकअप १२-१३ वर्षांची जुनी आहे. कोडोलीतनं मार्केट यार्डला गुळाच्या फेऱ्या असतात आणि अधनंमधनं गगनबावड्यावरनं खाली वैभववाडीला भाडं लागतं. हल्ली ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल आठवड्यात मिनिममच्या खाली जाते. रात्री गाडी लावतो तिथं सकाळी बघितलं तर फरशी कोरडी. पेडल पहिल्या दाबाला लई खाली जातं, दोन-तीन पंप मारले की वर येतं. गावातला मेस्त्री म्हणतो मास्टर सिलिंडर बदला. बदलू का, का ऑइल टाकत चालवू?
— एक वाचक, कोडोली (ता. पन्हाळा)

उत्तर : पाव्हणं, ऑइल टाकत चालवू नका. कोडोली ते यार्ड पण नको आणि भरल्या गाडीनं करूळ घाट उतरायचा तर विचारसुद्धा नको. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, ते बंद पाइपात असतं, त्यामुळं कमी होतंय म्हणजे कुठनंतरी बाहेर जातंय. एकच अपवाद, पुढचे डिस्क पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि लेव्हल थोडी उतरते, पण त्याला महिने लागतात. आठवड्यात मिनिमम म्हणजे लिकेजच.

आता मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडं ढकलतो त्याचं. तो आतनं गेला असेल तर पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, आणि डबीतली लेव्हल मात्र तशीच राहते, कारण ऑइल बकेटवरनं, म्हणजे आतल्या रबरी सीलवरनं, आतल्या आत फिरतं. तुमची लेव्हल उतरतीय. आणि पंप मारल्यावर पेडल वर येतंय हे तर लाइनीत हवा असली तरी होतं, मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतनं घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या, लूज असले तरी होतं. तेवढ्यावरनं मास्टर बदलायचा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे, पैसे जाणार आणि लिकेज राहणार.

फरशी कोरडी राहायचं मुख्य कारण म्हणजे मागचे ड्रम. चाकातला लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर, म्हणजे व्हील सिलिंडर, त्याची बकेट गेली की ऑइल ड्रमच्या आत पडतं, लायनर आणि आतली काळी धूळ ते पिऊन टाकते, आणि बरेच दिवसांनी कुठं टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसतो. म्हणून सुरुवात तिथनंच. पुढच्या चाकांना दगड लावा, मागनं जॅक आणि खाली स्टँड, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. ड्रम काढला की व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकाचं रबरी बूट छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं जरासं उचला. आत नुसता दमटपणा असला तर एकवेळ चालतं, पण ऑइल ओघळून बोटावर आलं की सिलिंडर गेला समजायचं.

इथं एक घोटाळा हमखास होतो. ड्रममध्ये ओल दिसली म्हणून व्हील सिलिंडर बदलतात आणि खरं तर अॅक्सलचं ऑइल सील जाऊन गिअर ऑइल ड्रममध्ये आलेलं असतं. बोटावर घेऊन बघा. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि नुसत्या पाण्यानं हात धुतला तर निघत नाही. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत, आणि पाण्यात लगेच धुऊन जातं. ते रंगाला लागलं तर रंग उठतो, तेव्हा सांडलं की तिथल्या तिथं पाणी मारा.

दोन्ही ड्रम कोरडे निघाले तर मग बूस्टर, म्हणजे मास्टरच्या मागचा, पायाचा जोर वाढवणारा डबा. मास्टरची मागची बकेट गेली की ऑइल मागं बूस्टरमध्ये जातं, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. मास्टर बूस्टरला धरणारे नट काढा आणि पाइप न सोडता तो जरासा पुढं ओढून मधे बघा. तिथं ओलं असेल तर तुमचा मेस्त्री बरोबर, मास्टर बदला, आणि बूस्टरमध्ये साठलेलं ऑइल पण काढा नाहीतर त्याचा रबरी पडदा खराब होतो. तुमच्या गाडीत क्लच पण ऑइलवर असेल आणि डबी एकच असेल तर क्लचचे दोन्ही सिलिंडर बघायचे, कधीकधी पायाखालची मॅट उचलली की तिथंच तळं सापडतं.

राहिली स्टीलची पाइप. जुन्या गाडीत हौद्याखालनं चेसीच्या कडेनं मागं जाते ती, आणि जिथं क्लिप असते तिथं चिखल साठून आतनं गंजते. गुळाच्या गाडीला तर वरनं चिकटा पण. अशी पाइप उभ्या गाडीत थेंब सोडत नाही, प्रेशर आलं की बारीक धार मारते. आपल्याकडं पावसाळ्यात सगळंच ओलं, तेव्हा आधी पाइप धुवून कोरडी करा, मग इंजिन चालू ठेवून एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं टॉर्च घेऊन पाइप, मागचा होज (रबरी पाइप) आणि अॅक्सलजवळचा लोड व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणं मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) बघायचा, जोडावर टिश्यू पेपर गुंडाळला तर डाग लगेच कळतो.

सापडल्यावर काम पूर्ण करा. ऑइल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुवून परत बसवतात ते मला अजिबात पटत नाही, तापले की आतलं ऑइल वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते, शिवाय हँडब्रेक पण त्याच लायनरवर आहे. दोन्ही चाकांचे एकदम बदला. पाइप गेली असेल तर नवी स्टीलचीच, तांब्याची नको. आणि गळकी पाइप ठोकून बंद करून एक चाक कमी करायचा तो जुगाड कोणी सुचवला तर हात जोडा.

काम झाल्यावर लाइनीतली हवा काढताना लांबच्या चाकापासनं, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. लोड व्हॉल्व्ह असेल तर मागची चाकं जमिनीवर पाहिजेत. अॅक्सल लोंबकळत ठेवला की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचं ऑइल अडवतो आणि तुम्ही दिवसभर चाकाचं हवा काढायचं निप्पल सोडत बसाल. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काम टाकलंत तरी हे तेवढं सांगून ठेवा.

प्रश्न : ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, दुकानदार डॉट ४ देतो. चालेल?
— एक वाचक, कागल

उत्तर : चालेल. दोन्ही एकाच जातीची, ग्लायकॉलची. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, डॉट ४ २३० पर्यंत. पण दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, म्हणून घाटात चालणाऱ्या गाडीला साधारण दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल तर चमचाभरसुद्धा नको, सगळी रबरं फुगतात आणि मास्टरपासून होजपर्यंत सगळं बदलायला लागतं. सीलबंद बाटलीच घ्या, सीटखाली वर्षभर पडलेली अर्धी बाटली टाकून द्या.