'सामान्य काळ' हा शब्द बदलावा काय?

लग्नानंतर वसईहून इंदुरात स्थायिक झालेल्या एका भगिनींनी प्रश्न पाठवला आहे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्या इथे हिंदीतून ऐकतात, घरातली संध्याकाळची प्रार्थना मात्र मराठीतून होते आणि मुलांसाठी त्या कॅथॉलिक चर्चच्या उपासना-वर्षाचे, म्हणजे सण आणि काळ यांच्या वार्षिक क्रमाचे, एक मराठी पत्रक तयार करीत आहेत. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ ही नावे लिहिताना त्यांना अडचण आली नाही. पण वर्षातल्या सर्वांत मोठ्या भागासमोर 'सामान्य काळ' असे लिहिताना त्यांचा हात थबकला. पावसाळ्याच्या तोंडापासून थेट नोव्हेंबरअखेरपर्यंतचे बहुतेक रविवार आपणच सामान्य ठरवले, तर मुलांनी त्या दिवसांत चर्चला आस्थेने का जावे, असे त्या विचारतात. त्याखेरीज 'काळ'ऐवजी 'ऋतू' म्हणावे का, आणि उपवासकाळाचे हिंदीतले 'चालीसा काल' हे नाव मराठीत घेतले तर चालेल का, असे दोन उपप्रश्नही आहेत.

माझे मत असे, की 'सामान्य काळ' हा शब्द बदलू नये. त्यांना वाटणारी खंत खरी आहे, परंतु तिचे कारण शब्दात नसून, गेल्या काही पिढ्यांत 'सामान्य' या शब्दाचा जो अर्थ आपल्या बोलण्यात पुढे सरकला आहे, त्यात आहे. सामान्य बुद्धीचा, सामान्य कुवतीचा, सामान्य दर्जाचा अशा प्रयोगांतून 'सामान्य' म्हणजे बेताचा हा अर्थ आपल्या कानात पक्का बसला. शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'समान असण्याचा भाव', म्हणजे जे अनेकांत सारखेच आढळते ते. हा अर्थ काही पोथ्यांत पडून राहिलेला नाही. प्राथमिक शाळेत व्याकरण शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तो वापरलेला आहे. 'नर्मदा' हे विशेषनाम आणि 'नदी' हे सामान्यनाम असे आपण शिकतो, तेव्हा नदी हे नाव नर्मदेपेक्षा हलके आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. क्षिप्रा असो, चंबळ असो वा नर्मदा असो, त्या सर्वांना जे समान आहे ते 'नदी' या नावात येते. 'सामान्यरूप' या संज्ञेचेही तसेच आहे. 'घोडा' या शब्दाचे 'घोड्या' हे रूप झाल्याशिवाय त्याला 'ला', 'ने', 'चा' यांपैकी एकही प्रत्यय लागत नाही, आणि ते रूप या सर्व प्रत्ययांना समान असते म्हणून त्याला सामान्यरूप म्हणायचे. व्याकरणातला 'सामान्य' हा विशेषाच्या शेजारी उभा असतो, त्याच्या खाली नसतो.

आता हा अर्थ उपासना-वर्षाला कितपत लागू पडतो ते पाहू, कारण नुसत्या व्युत्पत्तीच्या बळावर एखादी संज्ञा उचलून धरणे मला मान्य नाही. जगभरच्या कॅथॉलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज स्वीकारला. त्याला अनुसरून पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली सुधारित पंचांगाला मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७० पासून ते अमलात आले. त्यापूर्वी या रविवारांना स्वतःचे असे नाव नव्हते. ते जानेवारीच्या आरंभीच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरचे किंवा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टनंतरचे रविवार म्हणून मोजले जात, म्हणजे त्यांची ओळख मागे पडलेल्या सणावरून ठरत असे. नव्या पंचांगाच्या नियमांत मात्र या ३३ किंवा ३४ आठवड्यांविषयी एक नेमकी गोष्ट सांगितली आहे. इतर काळांना आपापला विशेष आहे, कारण प्रत्येकात ख्रिस्ताच्या रहस्याचा एकेक पैलू साजरा होतो. या आठवड्यांत मात्र कोणताही एक पैलू वेगळा न काढता ते रहस्यच त्याच्या पूर्णतेने, विशेषतः दर रविवारी, साजरे केले जाते. हा मुद्दा वाचताना आपले विशेषनाम आणि सामान्यनाम मला लगेच आठवले. नाताळात आपण गोठ्यापाशी असतो, ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात क्रुसापाशी, पुनरुत्थानकाळात रिकाम्या कबरीपाशी. सामान्य काळात या तिन्ही ठिकाणांचा ख्रिस्त एकत्र आपल्यासोबत चालतो. 'विशेष' आणि 'सामान्य' हा भेद इथे अक्षरशः लागू पडतो, आणि तो मराठीत जितका उघड दिसतो तितका इंग्रजीत दिसत नाही.

इंग्रजी नावाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील गैरसमजाचा बराचसा भाग तिथून आला असावा असे मला वाटते. लॅटिन ग्रंथांत या काळाला 'तेम्पुस पेर आन्नुम' म्हणतात. त्याचा सरळ अर्थ 'वर्षभरातला काळ' एवढाच आहे, त्यात साधेपणाचा सूर कोठेच नाही. इंग्रजीत त्याचे 'ऑर्डिनरी टाइम' झाले. त्या शब्दाच्या मुळाशी 'ओर्दो' म्हणजे क्रम हा लॅटिन शब्द असला, तरी इंग्रजी वाचकालाही तो आज रोजचा, नेहमीचा असाच ऐकू येतो. त्या छापावरून मराठी शब्द वाचू लागलो, की 'सामान्य'चाही अर्थ 'बेताचा' होऊन बसतो. काहींनी 'क्रमकाळ' असा पर्याय सुचवावा हे समजण्यासारखे आहे, कारण या काळातले रविवार खरोखर क्रमांकानेच ओळखले जातात. पण तो शब्द कोणी बोलत नाही, आणि प्रार्थनेच्या भाषेत न बोलला जाणारा शब्द घुसवणे मला पटत नाही. 'वर्षकाळ' म्हणावे तर मराठी कानाला तो वर्षाकाळ, म्हणजे पावसाळा, वाटेल.

पावसाळ्याचा उल्लेख आला आहे तर मुलांना हा काळ समजावण्याची जी वाट मला सर्वांत सोपी वाटते ती इथेच सांगतो. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. त्यातल्या पहिल्या, म्हणजे 'अ' वर्षी मत्तयचे शुभवर्तमान वाचले जाते, दुसऱ्या वर्षी मार्कचे आणि तिसऱ्या वर्षी लूकचे. मत्तयच्या वर्षी सामान्य काळातल्या पंधराव्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला येतो आणि सोळाव्या रविवारी गहू आणि निदणाचा. हे दोन्ही रविवार जुलै महिन्यात पडतात. त्या दिवसांत इंदूरहून देवासकडे किंवा उज्जैनकडे कोणत्याही रस्त्याने निघावे, तर दुतर्फा सोयाबीन वीतभर वर आलेले असते आणि रोपांच्या ओळींमधून कोळपणी, खुरपणी चाललेली दिसते. त्याच आठवड्यात चर्चमध्ये मुले ऐकतात, की मालकाने चाकरांना निदण उपटण्यापासून थांबवले, कारण निदण काढताना गहूही मुळासकट उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही बरोबरच वाढू द्या. शेतात बाया जे काम हाताने करीत आहेत, तेच माणसांच्या बाबतीत घाईने करू नये असे प्रभू सांगतो. हा विरोध मुलांना दाखवून द्यावा. तो त्यांच्या लक्षात राहतो. या काळाचा रंग हिरवा आहे, धर्मगुरूंची मिस्सावस्त्रेही हिरवी असतात, आणि त्या हिरव्या रंगाचा अर्थ माळव्यातल्या जुलैमध्ये निराळा समजावून सांगावा लागत नाही. आगमनकाळात वाट पाहायची असते, उपवासकाळात मागे वळायचे असते. वाढायचे असते ते या लांबलचक, गाजावाजा नसलेल्या महिन्यांत.

इंदूरच्या मुलांसाठी याहून जवळचे उदाहरणही आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करणाऱ्या सिस्टर रानी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, त्या इंदूरला येत असताना, बसमध्ये हत्या झाली. तो शनिवार होता आणि राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या वर्षी १ मार्चला आला, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीचा, सामान्य काळातल्या सातव्या आठवड्याचा तो शेवटचा दिवस होता. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, ज्या स्वतः धर्मभगिनी आहेत, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. सिस्टर रानी मारिया यांना इंदुरातच ४ नोव्हेंबर २०१७ रोजी धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, आणि तो दिवसही सामान्य काळातलाच, तिसाव्या आठवड्यातला होता. एका जीवनाचे सर्वस्व अर्पण होणे आणि त्याची चर्चने नोंद घेणे या दोन्ही घटना 'सामान्य' म्हटल्या जाणाऱ्या आठवड्यांत घडल्या, हे मुलांना तारखांसह सांगितले तर त्या शब्दाविषयी त्यांच्या मनात कमीपणा राहणार नाही.

'ऋतू'विषयी थोडक्यात लिहितो. हा शब्द उपासनेला परका नाही. यज्ञाची योग्य वेळ हा त्याचा जुना अर्थ आहे आणि योग्य वेळी यजन करणारा तो ऋत्विज. पण आजच्या मराठीत ऋतू म्हटले की हवामान डोळ्यांपुढे येते. ईस्टर ही वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येते, आणि तिची पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमाच असते. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. तरीही तीच ईस्टर ऑस्ट्रेलियात शरदात साजरी होते. जो काळ जगभर एकच आहे आणि ज्याच्या भोवतालचे हवामान मात्र जागोजागी वेगळे आहे, त्याला 'काळ' म्हणणेच बरोबर.

'चालीसा काल' हा हिंदीत रुळलेला, चांगला शब्द आहे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ४६ होतात, त्यांतून सहा रविवार वगळले की ४० उरतात. लॅटिन नावही चाळीस या संख्येवरूनच आले आहे. मराठीत मात्र 'चाळिसा' म्हटले की हनुमान चालीसाच आधी आठवेल, म्हणून मुलांच्या पत्रकात तो टाळावा. 'उपवासकाळ' आणि 'प्रायश्चित्तकाळ' ही दोन्ही नावे मराठी चर्चमध्ये प्रचलित आहेत. मी स्वतः दुसऱ्याला झुकते माप देतो, कारण उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही तिन्ही अंगे त्यात सामावतात, आणि नुसता उपवास म्हटला की आपल्या घरांत साबुदाण्यावर येऊन विषय संपतो. मुले लहान असतील तर 'उपवासकाळ' सोपा पडेल, इतकेच. झावळ्यांच्या रविवारचे, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारचे, तसे नाही. इथे हिंदीत त्याला 'खजूर रविवार' म्हणतात आणि मुलांच्या हातात खजुरीचे पानही येते, पण घरच्या पत्रकात वसईचा 'झावळ्यांचा रविवार' खुशाल ठेवावा. त्याच पानांची राख पुढल्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लागते, हे दोन्ही नावांनी सारखेच सांगता येते.

लेखनाविषयी दोन सूचना. आगमनकाळ, उपवासकाळ हे समास असल्याने जोडून लिहावेत. 'सामान्य' हे विशेषण असल्याने 'सामान्य काळ' असे तोडून लिहावे आणि 'सामान्य काळातील सोळावा रविवार' हीच शब्दयोजना कायम ठेवावी. दुसरी सूचना अशी, की या काळाची रविवारांची यादी दुसऱ्या रविवारपासून सुरू करावी. पहिला आठवडा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर सुरू होतो आणि तो सण बहुधा रविवारीच येतो, त्यामुळे सामान्य काळाला पहिला रविवार असा नसतोच. मुले तो शोधतील, म्हणून तळाशी एक ओळ लिहून ठेवावी. त्याच ओळीशेजारी २५ फेब्रुवारीचीही नोंद करावी. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कोणत्याही तारखेला येऊ शकतो, त्यामुळे सिस्टर रानी मारिया यांचा स्मृतिदिन काही वर्षी सामान्य काळात पडेल आणि काही वर्षी उपवासकाळात. तेवढी जागा पत्रकात दर वर्षी नव्याने भरावी लागेल.