ठोके मोजणारी वही

"मॅडम, तो टीव्हीसमोर बॉक्सिंगचा गेम खेळतो ना, तेव्हा ठोके 170-180 ला जातात. हार्टला काही होणार नाही ना?"

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की उत्तर तोंडपाठ झालं होतं. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि आकडा मुलाच्या मनगटावरच्या घड्याळातून आलेला असतो. नाशिकच्या एका कुटुंबानं मात्र हे पाठ उत्तर माझ्या घशात अडकवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला ओम म्हणू.

ओम 12 वर्षांचा. आत्यानं परदेशातून गेम पाठवलेला: दोन हातांत दोन छोटे रिमोट धरायचे, समोरच्या खेळाडूला ठोसे मारायचे, त्याचा ठोसा आला की वाकायचं. पहिल्या दिवसापासून पोरगं घामाघूम. आईनं हौसेनं बाबांचं जुनं घड्याळ त्याच्या हाताला बांधलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. ती माझ्याकडे आली ती दोनशे पानी वही घेऊन. पुढून ओमचं गणित. मागून तारीख, वेळ, ठोके, "तोंड लाल", "दम", असे रकाने आखलेले. 178 या आकड्याभोवती लाल पेननं इतक्या वेळा गोल फिरवला होता, की कागद फाटायच्या बेतात आला होता.

गेम महिन्यापूर्वीच बंद झाला होता, तरी वही बंद झाली नव्हती. ओम झोपला की आई अंधारात त्याचं मनगट धरून बसायची. शाळेत पीटीतून सूट मिळावी म्हणून चिठ्ठी गेली होती. ओमलाही एव्हाना गोम कळली होती. गृहपाठ नको असला की "मम्मी, धडधडतंय."

पहिल्या भेटीत मी तिला समजावलं. लहान मुलाचं हृदय लहान, एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, म्हणून काम वाढलं की ठोके मोठ्यांपेक्षा जास्त पडतात. धावताना बारा वर्षांच्या मुलाचे ठोके 180-190 ला गेले, तर ते निरोगी हृदयाचंच काम. शिवाय नुसत्या हातांच्या कामात, तेवढ्याच मेहनतीला पायांच्या कामापेक्षा ठोके जास्त वाढतात. ठोसे मारणारा मुलगा म्हणूनच आकड्यात जास्त दमलेला दिसतो.

मग आम्ही करूनच पाहिलं. ओम माझ्या खोलीत, मोज्यांवर फरशीवर उभा राहिला आणि दोन मिनिटं हवेत ठोसे मारत सुटला. घड्याळ म्हणालं 171. मी लगेच त्याच्या मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले: 32. चार पट केली की 128. एका मिनिटानं पुन्हा मोजले तर 23, म्हणजे 92. पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही घड्याळ मनगटावर गोल फिरत होतं. ही घड्याळं त्वचेत हिरवा उजेड सोडून रक्ताची ये-जा वाचतात. हातच झटके खात असला, पट्टा सैल असला, की कधीकधी ती हाताच्या हालचालीलाच ठोके समजून मोजतात. वहीतल्या 178 मध्ये ओमचे ठोके किती आणि ठोसे किती, हे देवच जाणे.

या गेमचा व्यायाम म्हणून नेमका किती उपयोग, हेही सांगितलं. 2007 साली ब्रिटनमध्ये 11 मुलांवर एक छोटा अभ्यास झाला होता. बसून खेळण्यापेक्षा अशा गेममध्ये ऊर्जा नक्की जास्त खर्च होते, पण खरं टेनिस किंवा खरं बॉक्सिंग खेळण्याइतकी नाही, असं त्यात दिसलं. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी 12 मोठ्या माणसांना हवा मोजणाऱ्या बंद खोलीत ठेवून याच जातीचे गेम खेळायला लावले. दोनतृतीयांश हालचाली हलक्या निघाल्या, एकतृतीयांश मध्यम, आणि जोरकस व्यायामात बसेल अशी एकही नाही. थोडक्यात, गेमनं हृदय फुटेल ही भीती जितकी फोल, तितकीच "पोरगं घरातच व्यायाम करतंय" ही बाबांची खुशीही जरा जास्तच. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असं खेळणं सांगते. ते मैदानावरच सोपं.

आई हसली, आभार मानून गेली. मीही खुशीत होते. अवाजवी चिंता, योग्य माहिती, प्रकरण हातावेगळं!

दुसऱ्या भेटीत वहीत सहा नवी पानं भरलेली होती.

माहितीनं भीती हलली नाही, तर ती कुठेतरी रुजलेली असते, हे मी शिकाऊ समुपदेशकांना सांगते. स्वतः मात्र विसरले होते. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कागद घेतला आणि दोन्ही घरांचा वंशवृक्ष काढायला बसले. सासरकडे आजोबांची अँजिओप्लास्टी, साठी उलटल्यावर. माहेर निफाडकडचं. तिथे तिच्या शेजारी भावाचा चौकोन काढला आणि विचारलं, "भाऊ काय करतो?"

"तो नाही. सतराव्या वर्षी गेला. विहिरीत."

"पोहता येत नव्हतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, त्याच्यासारखा पोहणारा गावात नव्हता. तळाची माती आणून दाखवायचा. त्या दिवशी उडी मारली, दोन हात मारले, अन् मग नुसतं पाणी हलत राहिलं. लोक म्हणाले, पायात गोळा आला असेल."

तेव्हा ती तेरा वर्षांची होती, काठावर भावाचे कपडे धरून उभी. ओम आता जवळपास तिच्या त्या वयाचा झालाय, हे तिनंच पुढच्या वाक्यात सांगितलं.

माझ्या मनात मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. एक दुःखाची, जी माझ्या कामाची. दुसरी डॉक्टरांच्या कामाची. पट्टीचा पोहणारा तरुण पोहताना अचानक गप्प होऊन बुडाला, तर गोळा आला असेल म्हणून ते सोडून द्यायचं नसतं. लाँग क्यूटी नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. हृदयाचा आकार, झडपा, रक्तवाहिन्या सगळं ठाकठीक, पण प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पुन्हा भरायला जास्त वेळ लागतो. त्याच्या एका प्रकारात धावताना, आणि खास करून पोहताना, लय एकाएकी बिघडू शकते. दुसरा एक दोष असा, की आरामात काढलेला ईसीजी अगदी साफ येतो आणि बिघाड दिसतो तो ट्रेडमिलवर पळवल्यावर किंवा भावना उसळल्यावर. असे दोष बरेचदा पालकाकडून मुलाकडे निम्म्या शक्यतेनं उतरतात. म्हणजे भावाला असेल तर बहिणीला असू शकतो, आणि बहिणीच्या मुलालाही. हे क्वचित आढळणारे आजार आहेत आणि त्यांवर औषध आहे, म्हणूनच ते शोधायचे.

मी समुपदेशक, ईसीजी वाचणं माझं काम नाही. पण इथे "घाबरू नका" म्हणणं हा माझा गुन्हा झाला असता. तिला सांगितलं, "तुमची भीती चुकीच्या आकड्याला चिकटलीय, पण ती उगाच नाही. मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवू, आणि विहिरीची गोष्ट त्यांना आधी सांगायची."

जाताना ओमला सहज विचारलं, "गेम बंद झाला, मग वेळ कसा जातो रे?"

"मोबाइलवर बंदुकीचा खेळतो. पडून. मम्मी त्याला नाही म्हणत नाही."

आईच्या लेखी पडून खेळलं की हृदयाला आराम. खरं तर पडून खेळतानाही ठोके वाढतात, फक्त स्नायूंनी मागणी केलेली नसते. अ‍ॅड्रेनलिन या उत्तेजनेच्या संप्रेरकानं परस्पर वाढवलेले असतात. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी जगभरातून शोधून 22 मुलांच्या नोंदी छापल्या, ज्यांच्या हृदयाची लय व्हिडिओ गेम खेळताना धोकादायकरीत्या बिघडली होती किंवा तसा दाट संशय होता. त्यात सर्वात जास्त वेळा निमित्त ठरले ते मित्रांबरोबर खेळायचे लढाईचे गेम. बऱ्याच मुलांच्या हृदयात तेच विजेचे दोष निघाले, जे तोवर कुणाला ठाऊकच नव्हते. जगभरात कोट्यवधी मुलं खेळतात आणि शोधून हाती लागली 22. तेव्हा हा आकडा वाचून कुणी मोबाइल फोडू नये. पण आईनं ज्याला बंदी घातली आणि ज्याला मोकळीक दिली, त्यांची अदलाबदल झाली होती खरी.

तपासण्यांमध्ये तीन आठवडे गेले. ओमचा ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, मग टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर पळवून काढलेला ईसीजी. डॉक्टरांनी आईचाही ईसीजी काढला, ते मला फार आवडलं. सगळं मर्यादेत आलं. जनुकीय चाचणीचा विषय निघाला, पण भावाचा कुठलाच नमुना नसताना तिच्यातून ठाम उत्तर मिळेलच असं नाही, म्हणून तूर्त थांबायचं ठरलं. खेळायला मोकळीक. दरवर्षी एकदा ईसीजी, आणि एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही.

"म्हणजे काहीच नाही ना?" तिनं मला विचारलं.

या प्रश्नाला "नाही" म्हणायचा मोह फार होतो. मी म्हणाले, "आज काही सापडलं नाही. भावाचं काय झालं ते आता कुणालाच कळणार नाही." ती रडली, बराच वेळ. पुढच्या चार भेटी भावावरच गेल्या. तीसएक वर्षांत घरात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

वहीचं काम त्याला जोडूनच चाललं. आधी घड्याळ कपाटात. मग रात्रीचं मनगट धरणं एक दिवसाआड, आणि मग बंद. सगळ्यात अवघड गेलं ते हे. आकड्यांच्या जागी तिला पाहायला दुसऱ्या गोष्टी दिल्या. खेळताना तो तुटक का होईना, बोलू शकतोय का. थांबल्यावर दोनेक मिनिटांत श्वास खाली येतोय का. आणि कशाला घाबरायचं, तेही स्पष्ट सांगितलं. प्रार्थनेला उभं राहून डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, मळमळलं आणि मग भोवळ आली, तर ती बहुधा साधी भोवळ असते. तरी एकदा डॉक्टरांच्या कानावर घालावी. पण पळताना, पोहताना, दचकल्यावर किंवा गेम ऐन रंगात असताना मूल काही न सांगता धाडकन कोसळलं, तर दोन मिनिटांत शुद्धीवर येऊन हसत बसलं तरी हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचंच. खेळताना छातीत दुखलं तरीही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, मग ते पाण्यात असो, झोपेत असो की फिट आली म्हणून, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगायचं.

नवराबायकोनं छातीवर दाब द्यायचं शिकून घेतलं. शुद्ध नाही, श्वास नाही, की 108 ला फोन आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब. सराव करून आली त्या दिवशी तिचे खांदे पहिल्यांदा सैल दिसले. काठावर कपडे धरून उभं राहिलेल्या मुलीला आता हातानं करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

जाता जाता आजोबांचं. नातवाबरोबर त्यांनाही बॉलिंगचा गेम खेळायचा होता. 2021 मध्ये छापलेल्या, सहा देशांतल्या एका अभ्यासात हृदय कमजोर झालेल्या 605 रुग्णांपैकी निम्म्यांना असे गेम घरी दिले होते. त्यांना त्रास झाला नाही, पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर म्हणावं तसं वाढलंही नाही. आजोबा डॉक्टरांना विचारून बॉलिंग खेळतात. सकाळचं फिरणं चुकवायचं नाही, ही सुनेची अट.

पीटीतून सूट मागणारी चिठ्ठी शाळेतून परत आली. पहिल्या पीटीला ओमला मैदानाची एकच फेरी झेपली. इतके दिवस बसून काढल्यावर ते व्हायचंच. आता तीन फेऱ्या मारतो, बॉक्सिंग आठवड्यातून दोनदा, आणि "धडधडतंय" म्हटलं की आई म्हणते, "धडधडू दे, वही काढ." म्हणजे गणिताची.

मे महिन्यात निफाडला जायचंय. ओमला पोहायला शिकायचंय आणि बाबा बरोबर उतरायला तयार आहेत. आईनं डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणालेत. तिचं मात्र अजून ठरलेलं नाही.