बैठकीची किल्ली कोणाकडे?

ध्यानगटांबद्दल गोव्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून इथे उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

फोंड्याजवळ आम्ही सातजण आठवड्यातून एकदा एकत्र ध्यानाला बसायचं म्हणतो. तिघांनी विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय, दोघांच्या घरात बुद्धवंदनेची परंपरा आहे, दोघे अगदी नवखे. सगळ्यांची मोट बांधायची कशी?

आधी एक वाटणी करून टाका. ही विपश्यना शिबिरं ज्यांच्या नावाने ओळखली जातात त्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत सामूहिक साधना फक्त जुन्या साधकांची असते, म्हणजे ज्यांनी निदान एक दहा दिवसांचं शिबिर पुरं केलंय त्यांची. यात शिष्टपणा काही नाही. शिबिरात आधी साडेतीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणाजाणारा श्वास पाहणं, करून घेतात, मगच विपश्यना शिकवतात. ती पायरी गाळून नवख्याला ‘शरीरभर मन फिरव’ म्हटलं, तर त्याच्या हाती पाठदुखीशिवाय काही लागत नाही. तेव्हा त्या तिघांनी आपली एक तासाची बैठक वेगळ्या दिवशी, कुणाच्या तरी घरी ठेवावी. सातजणांच्या बैठकीत विषय एकच ठेवा : श्वास. तो कुणालाच परका नाही.

संध्याकाळी सातची वेळ धरली, तर पावणेसातला दार उघडलेलं हवं. सातला त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याचा आणि पाच शीलांचा पाठ; ज्यांना म्हणायचं नसेल त्यांनी शांत बसावं. मग २५ मिनिटं बैठक, १० मिनिटं चालत ध्यान, पुन्हा २० मिनिटं बैठक आणि शेवटची ५ मिनिटं मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं चिंतणं. सव्वाआठच्या आत चहा.

नवख्यांना श्वास मोजू द्या. पहिली काही मिनिटं श्वास सोडून झाल्यावर एक आकडा, असं १ ते १०. मग श्वास घेण्याआधी आकडा. मग आकडे सोडून नुसता श्वास. शेवटी नाकपुडीपाशी जिथे स्पर्श जाणवतो तेवढ्यावरच लक्ष. जुने साधक मोजणार नाहीत, त्यांना तसं शिकवलेलंच नसतं. त्यांनी आपल्या पद्धतीने स्वाभाविक श्वास पाहावा. दोघं शेजारी बसले म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते मधेमधे कुणी बोलायला लागलं की. सूचना सुरुवातीला तीन-चार वाक्यांत द्या आणि नंतर तोंड बंद ठेवा.

नवख्यांच्या हमखास चुका दोन. एक, श्वास ओढून लांब करणं. त्याने दहा मिनिटांत डोकं जड होतं. दुसरी, मोजता मोजता १७-१८ वर पोचणं. त्याचा अर्थ तोंडपाठ पाढे चालू आहेत आणि मन बाजारात गेलंय. चिडायचं नाही, परत १ वर यायचं.

चालण्याच्या वेळी सगळ्यांनी एकाच दिशेने, पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून चालावं. वेग ठरवायचा सर्वांत हळू चालणाऱ्याने. ज्याच्या पायाला मुंग्या आल्या असतील त्याने घंटा झाली तरी मिनिटभर बसून राहावं. बधिर पायावर घाईने उठून घोटा मुरगळणं हा ध्यानगटांतला नेहमीचा अपघात आहे.

आता किल्लीचं. गट बंद पडतो तो बहुतेक वेळा श्रद्धा आटली म्हणून नाही, तर किल्ली असलेला माणूस गावाला गेला म्हणून. दोन किल्ल्या दोन घरांत ठेवा. दार उघडणं, आसनं मांडणं, घंटा आणि चहा ही चार कामं दर महिन्याला फिरती ठेवा. घंटेचं काम नवख्याकडेही जाऊ द्या. आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बैठक रद्द करू नका. निम्मे लोक आपापल्या गावी जाणार हे ठरलेलंच असतं. दोघे असतील तर दोघांनी बसावं. ‘आज आहे की नाही?’ हा प्रश्न एकदा फोनवर सुरू झाला, की दोन महिन्यांत तिथे उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

पावसाळ्यात आमच्या आसनांना बुरशी येते, खोलीत वास भरतो. दरवर्षी नवी आसनं परवडत नाहीत.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या हवेत सावरीच्या कापसाची जाड उशी म्हणजे बुरशीला आमंत्रणच. बाहेरून कोरडी दिसली तरी पोटात ओल राहते. भाताच्या तुसाने भरलेली उशी बसायला चांगली, पण तिला कीड लागते. आमच्या मते इथे सर्वांत टिकतो तो धुता येईल अशा सुती खोळीतला घट्ट फोमचा ठोकळा आणि त्याखाली घडी घातलेली चादर. उंची १० ते १५ सेंटिमीटर. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली पाहिजे आणि गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर उंची वाढवा किंवा गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी द्या. मांडी जोर लावून दाबायची नाही.

आसनं जमिनीवर रचून ठेवू नका, भिंतीला लावूनही नको. फळ्यांच्या रॅकवर, भिंतीपासून वीतभर पुढे, उभी ठेवा आणि बैठक संपल्यावर पंखा अर्धा तास चालू राहू द्या, कारण नुकतं उठलेल्या माणसाचा घामही त्यात असतो. खोळींवर काळे ठिपके दिसले तर बाहेर नेऊन गरम पाणी-साबणाने धुवा. खोलीत झटकू नका, दम्याच्या माणसाला त्रास होतो. फोमच काळा पडला असेल तर फेकून द्या.

ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवा. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकलेली नसली तर उत्तम. खुर्ची कमीपणाची नाही, हे गटाच्या म्होरक्याने अधूनमधून स्वतः खुर्चीवर बसून दाखवावं. पंख्याच्या बरोबर खाली मात्र कुणालाच बसवू नका, मान आखडते.

मी नुस्तें खाणारा. शिवाय घरची काजूची बाग आहे आणि मोसमात आमची भाटी (दारू गाळण्याची भट्टी) चालते. मी गटात येऊ शकतो का?

यावे. गट म्हणजे न्यायालय नव्हे.

मासळीबद्दल पाली ग्रंथ लोकांना वाटतं तेवढे कडक नाहीत. जीवकसुत्तात भिक्खूला तीन अटींवर मांस चालतं : आपल्यासाठी मारलेलं पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही आणि तशी शंकाही नाही. भिक्खूंना मासे-मांस कायमचं वर्ज्य करावं ही त्यांचा विरोधक भिक्खू देवदत्त याची मागणी बुद्धांनी नाकारली होती. पहिलं शील जीव न मारण्याचं आहे. गटाचं जेवण असेल तर शाकाहारी ठेवा, म्हणजे प्रत्येकाला जेवता येतं. घरच्या ताटात गटाने डोकावू नये.

भाटीचं उत्तर मात्र असं गुळमुळीत देता येत नाही. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे, आणि अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात उपासकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. फेणी, उर्राक या काजूच्या दारू त्यात येतातच. परंपरेचं पेय आहे म्हणून सूट नाही. पण काजूबिया विकणं, बोंडूंचा ताजा रस विकणं यात शील कुठे आड येत नाही. पिढ्यानपिढ्याची भाटी एका मोसमात बंद करा, असंही आम्ही सांगणार नाही. त्यावर घर चालतं. तुम्ही बैठकीला या, पंचशील म्हणताना त्या ओळीशी प्रामाणिक राहा, आणि बाग दुसऱ्या कशावर उभी राहते का ते बघा. पिऊन आलेल्या माणसाला मात्र त्या दिवशी बसू देऊ नये, तो कुणीही असो.

मैत्रीभावनेच्या वेळी आमच्यातल्या एका ताईंना रडू आवरत नाही. दुसऱ्या एकाला बैठकीनंतर रात्रभर झोप लागत नाही. काय करावं?

रडू येणं यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणी पाठीवर हात फिरवायला धावू नये, पाण्याचा पेला शेजारी ठेवून द्यावा. पण क्रम तपासा. मैत्री आधी स्वतःला, मग जवळच्या मित्राला, मग ओळखदेख नसलेल्या कुणाला, मग नावडत्या माणसाला आणि शेवटी सर्वांना द्यायची असते. पुष्कळजण नावडत्या माणसाच्या जागी थेट आयुष्यातला सर्वांत मोठा घाव आणून बसवतात. तिथे रांगेत मध्ये घुसणारा शेजारी पुरे. मित्र निवडतानाही हयात असलेला निवडावा, नाहीतर मैत्रीचा शोक होतो.

झोपेचं प्रकरण गंभीरपणे घ्या. त्या माणसाने काही आठवडे मिटल्या डोळ्यांची बैठक थांबवून फक्त चालत ध्यान करावं. छातीत धडधड, भास, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटणं यातलं काही असेल तर ‘साधनेतली पायरी’ म्हणून कौतुक करू नका. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे. चालू असलेली औषधं गटातल्या कुणाच्या सल्ल्याने बंद करायची नाहीत.

हरवळेच्या लेण्यांत जाऊन सामूहिक ध्यान करता येईल का? ती मूळची बौद्धच ना?

यावर अभ्यासकांत एकमत नाही. आज तिथे शिवलिंगं आहेत, गावकरी ती पांडवांची लेणी म्हणून ओळखतात आणि श्रद्धेने येतात. गोव्यात बौद्ध खुणा आहेतच. १९३० मध्ये इतिहास संशोधक फादर हेरास यांना कोलवाळच्या मुशीर भागात सापडलेली बुद्धमूर्ती प्रसिद्ध आहे. पण ध्यान करायला मालकी सिद्ध करावी लागत नाही. उजेडात जा, पाचसातजणच जा, अर्धा तास गप्प बसा. मेणबत्ती, उदबत्ती, फलक, लाऊडस्पीकर नको. काजळीने कातळ खराब होतो आणि घोषणांनी शेजार.

पैसे किती घ्यावेत?

शिकवण्याचे शून्य. भाडं, वीज आणि चहासाठी दाराशी बंद डबा ठेवा, कुणी किती टाकले ते दिसता कामा नये. महिन्याअखेरीस दोघांनी मिळून तो उघडावा, आणि जमा-खर्चाचा कागद महिनाभर भिंतीवर राहू द्यावा.

पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा बरोबर आमच्या सकाळच्या बैठकीत वाजतो.

वाजू द्या. पाव घ्यायचे असतील तर दाराला पिशवी आधीच अडकवून ठेवा, म्हणजे कुणाला उठावं लागणार नाही.